खिसे झटकताना

प्रिय चिमणे,

दर रविवारी तुझा फोन येतो, मी सगळं ठीक आहे म्हणते, तू विचारतेस की मग त्याला ठेवायचं ना, आणि मी पाण्याची मोटर चालू राहिली आहे असं काहीतरी सांगून फोन ठेवते. महिनाभर ठेवून बघ, नाही जमलं तर मी येऊन घेऊन जाईन, असं तू म्हणाली होतीस. तो महिना कधीच उलटला. तेव्हा कुत्रा ठेवायचा की परत द्यायचा, याचं उत्तर आज लेखी देते आहे. पण ते शेवटी. आधी मला जे दिसलं आणि जे खटकलं ते तू मुकाट्याने वाचायचंस. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला काय विचारायचं होतं तेच मी विसरते. मला तर वाटतं तू ते मुद्दाम करतेस.

या प्रकरणात कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मला बाजारात भोवळ आली, भाजीवाल्याने खुर्ची दिली, पाणी पाजलं, एवढीशी गोष्ट. तू मात्र धावत आलीस आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. आपल्या लाँड्रीत ज्यांच्या कोटाच्या बाहीवरचे शाईचे डाग काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, ते डॉक्टर मला सांगायला लागले की रक्तदाब वाढलाय, चालणं नाही, झोप नाही, दिवसभर एकट्या बसता, कुणाशी बोलत नाही. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की घरात एखादं जनावर असलं की माणूस आपोआप हलतं, दिवसाला काही वेळापत्रक राहतं, त्याच्या अंगावरून हात फिरवला तरी पुष्कळांना बरं वाटतं. आणि तू लगेच म्हणालीस की मी अगदी हेच म्हणत होते. चिमणे, तू असलं काही कधीच म्हणत नव्हतीस. लहानपणी तुला मांजर हवं होतं तेव्हा सुद्धा तू त्याचं चित्र काढून भिंतीवर चिकटवलंस, तोंडाने मागितलं नाहीस. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. तुमचं दोघांचं आधीच ठरलं होतं, हे मला त्या खुर्चीतच कळलं.

पुढच्याच आठवड्यात तू त्याला घेऊन दारात उभी. तपकिरी रंग, हनुवटी पांढरी झालेली, एक कान दुमडलेला. मी म्हटलं, हा तर चांगला पोक्त आहे, द्यायचंच तर पिल्लू तरी द्यायचं. त्यावर तुझं उत्तर तयार होतं. पिल्लू घर कुरतडतं, त्याच्यामागे धावायला लागतं, मोठा कुत्रा शिकलेला असतो, त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, आणि अशांना कुणी नेत नाही म्हणून ते बिचारे प्राण्यांच्या संस्थेत पडून राहतात. सगळं पटण्यासारखं, आणि म्हणूनच मला संशय आला. पाठ करून आल्यासारखं बोलत होतीस. याचा आधीचा मालक कोण, असं विचारलं तेव्हा मात्र तू खिडकीकडे बघितलंस आणि म्हणालीस, संस्थावाले सांगत नाहीत. पाचवीत गणिताचा पेपर लपवलास तेव्हापासून तू खोटं बोलताना खिडकीकडेच बघतेस. आणखी एक. त्या दिवशी तू मला मिठी मारलीस तेव्हा तुझ्या ओढणीला दवाखान्याचा वास होता. मी मनात म्हटलं, तुझ्या शाळेत फरशी पुसायला काहीतरी वापरत असतील. वासाच्या बाबतीत मी चुकत नाही, पण त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली.

माझा पहिला तर्क असा होता की याच्यात काहीतरी खोट आहे. चांगला कुत्रा कोण सोडतं? चावत असेल, नाहीतर चोरटा असेल, नाहीतर कुणाचं काहीतरी फाडून आला असेल. मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. टेबलाच्या कडेला पाव ठेवून आत गेले आणि दाराच्या फटीतून बघत बसले. त्याने पावाकडे बघितलं, मग दाराच्या फटीकडे बघितलं, आणि सरळ झोपला. माझीच मला लाज वाटली, पण संशय वाढला. इतका साळसूदपणा मला आजवर दोनच गिऱ्हाइकांत दिसला होता आणि दोघांनीही मला टोपी घातली होती. मग मी चपला मुद्दाम पुढे ठेवल्या. त्याने त्या ओलांडल्या. तू सांगितलेल्या नावाने हाक मारली, तर पाहुण्याला दुसऱ्याच कुणाच्या नावाने बोलावल्यासारखा इकडेतिकडे बघायचा. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याला स्वतःचं नाव माहीत नाही, हे मी कशी मानणार? मी त्याला नुसतं 'अरे' म्हणायला लागले. त्याला ते चालत होतं.

तुझ्या डॉक्टरांच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणशील की आईने वाईट तेवढं लिहिलं. तो सकाळी दाराशी जाऊन उभा राहतो आणि गुरगुरत नाही की भुंकत नाही, नुसता उभा राहतो. अशा माणसाला नाही म्हणणं फार कठीण. म्हणून मी खाली उतरते. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेच्या फाटकापर्यंत, आता बागेला पुरा फेरा होतो आणि गुडघा तक्रार करत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्याशी माझा वर्षानुवर्षं नळाच्या पाण्यावरून छत्तीसचा आकडा होता, त्या जिन्यात थांबून याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि नाइलाजाने माझ्याशी पण बोलतात. परवा तर त्यांनी सूप आणून दिलं. मी आधी याला हुंगायला दिलं आणि मग प्यायले. रक्तदाब मोजायचं ते तुझं यंत्र कमी आकडे दाखवायला लागलं तेव्हा मी समजले की यंत्र बिघडलं. औषधाच्या दुकानात जाऊन दुसऱ्या यंत्रावर मोजलं, तिथेही तेच. दुकानदार म्हणाला, आजी, बरं वाटायला लागलं तर वाटू द्या ना. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि असे हसले की जणू ती बागेतली चाल त्यांनीच चालली होती. गोळ्या बंद मात्र करायच्या नाहीत असं बजावलंय, आणि मी ते पाळते आहे, तेव्हा त्यावरून फोन करू नकोस.

तर तब्येत सुधारली, हे मान्य. पण ज्याच्यामुळे सुधारली तो कोण, कुठला, हे मला कळेना आणि ते मला चैन पडू देईना. त्याचा चामड्याचा पट्टा एका ठिकाणी उसवून पुन्हा शिवलेला होता. काजाच्या जाड दोऱ्याने, दुहेरी उलटा टाका, शेवटी गाठ आत दडवलेली. असा टाका जड कोटाच्या अस्तराला घालतात, कुत्र्याच्या पट्ट्याला नाही. मग एकदा मी पडदे इस्त्री करायला काढले. वाफेच्या इस्त्रीचा तो फुसकारा ऐकून जनावरं पळतात. आपल्या दुकानातलं मांजर तर कधी आतल्या खोलीत पाय ठेवत नसे. हा उलट स्वयंपाकघरातून उठून आला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पसरून निजला, जसं काही त्याची जागा तीच होती. मी पट्टा बघितला होता, हेही बघितलं, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. म्हातारपण म्हणतात ते हेच असेल.

मग मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, याच्यात काय रोग लपवलाय ते बघायला. तिने त्याचे दात बघितले, कान बघितले, नखं बघितली आणि म्हणाली की इतका निगुतीने सांभाळलेला कुत्रा बऱ्याच दिवसांनी बघितला, दात सुद्धा कुणीतरी रोज घासत होतं. मी तू सांगितलेल्या संस्थेचं नाव सांगितलं. ती स्वतःच तिथे जाऊन कुत्रे तपासते म्हणे. तिने तिथे फोन लावला आणि मला सांगितलं की आजी, हा त्यांच्याकडून आलेलाच नाही. मी तिला म्हटलं, नावात माझीच काही गडबड झाली असेल. परक्या बाईसमोर पोटच्या मुलीला खोटं कसं पाडायचं? पण घरी येताना मी दोनदा वळण चुकले, आणि ते तू खोटं बोललीस म्हणून नव्हे.

तुला आपल्या दुकानातली मागची दांडी आठवते का? तू गृहपाठ करायचीस तिच्या बाजूला. धुवून तयार झालेले, पण कुणी न्यायला न आलेले कपडे तिच्यावर टांगलेले असायचे. त्यांचं मला सगळं कळायचं. स्वस्तातला, गळ्याशी मळलेला कोट राहिला तर माणूस विसरला असेल किंवा गाव सोडून गेला असेल. पण ज्याची बटणं कुणी जपून शिवलीत, ज्याच्या कोपराला आतून पट्टी लावलीय, असा चांगला, जिवापाड वापरलेला कोट न्यायला कुणी आलं नाही, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असायचा. मी असे कोट वर्षभर ठेवून देऊन टाकायची. देऊ द्यायची नाही ती तुझी मावशी. ती म्हणायची, येईल गं ताई कुणीतरी. त्याच दांडीवरून एक हिरवा लोकरी कोट तिने स्वतःसाठी उचलला. मी किती बोलले तिला, कुणाचा कोण जाणे, कुठला आजार घेऊन आलेला, अंगाला का लावतेस. ती म्हणाली, इतकी वर्षं वाट बघितली त्याने, आता माझा. आणि आमच्यात होती तोवर तोच घातला तिने. त्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून घरी येताना हा माझ्या डाव्या बाजूने चालत होता, दात घासलेला, नखं कापलेली, आणि मला सारखी ती दांडी दिसत होती.

आणि मग ते खिसे. तुला माहीत आहे, घरी आले की मी अजूनही कोट उलटा धरून तीनदा झटकते. दुकानात तो नियमच होता. कपडा आत घ्यायच्या आधी सगळे खिसे बाहेर काढायचे, कपडा उलटा धरायचा, तीन झटके द्यायचे, खाली जे पडेल ते पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत. काय पडलं यावर एक शब्द बोलायचा नाही. हा नियम आम्ही दोघी बहिणींनी केला, लग्नाआधी, जेव्हा दुकान म्हणजे एक टेबल आणि एक टब होता. इतके दिवस मी चपलांच्या कपाटाजवळ, दार लावून ते काम करायची, कारण कोटावर केस नकोत म्हणून याला तिथे येऊ देत नव्हते. गेल्या आठवड्यात दार उघडं राहिलं. पहिला झटका दिला आणि आतल्या खोलीतून नखांचा आवाज आला. दुसऱ्या झटक्याला तो माझ्या समोर होता. तिसऱ्याला तो बरोबर कोटाखाली बसला होता, मान वर, तोंड उघडं, शेपूट फरशीवर आपटत. खिशातून एक जुनं बसचं तिकीट पडलं, त्याच्या नाकावर. त्याने ते हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला फसवलंय.

जगात किती माणसं कोट उलटा धरून तीनदा झटकतात, सांग मला. आणि त्यातलं कोण त्या कोटाच्या खिशात कुत्र्यासाठी बिस्किटाचे तुकडे भरून ठेवेल? मी कोट तसाच हातात धरून बाकावर बसले. मग आठवलं की तुझी मावशी कपड्यांतून सुटलेली बटणं एका बरणीत जमवायची आणि म्हणायची, मला मूल झालं तर त्याचं नाव बटण ठेवेन. मूल झालं नाही. मी हळूच म्हटलं, बटण. दुमडलेला कान सरळ झाला. तो आला आणि त्याने आपलं डोकं माझ्या गुडघ्यांत खुपसलं, आणि चिमणे, मी रडले. खूप वर्षांनी रडले, आणि त्याने मला रडू दिलं.

तुझ्या मावशीचा विषय आपल्या घरात बंद आहे, तो मीच बंद केला. तिने आपल्या दुकानातून अंग काढून दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटलं, नवी यंत्रं आणली, आणि आपली अर्धी गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली. पुढे ते विकून ती तुमच्या शहरात गेली, तीही न सांगता. ती चुकली होती. माझं मत आजही तेच आहे आणि ती समोर आली तर मी तिला सगळ्यात आधी तेच सांगेन. पण मी तिच्यावर रागावलेली होते ते ती आहे, असं धरून. कुठेतरी ती आपली इस्त्री करते आहे, माझ्यापेक्षा वाईट करते आहे, आणि माझ्यासारखीच हट्टाला पेटून बसली आहे. तू तिला भेटतेस याचा मला संशय होता आणि मी मूग गिळून बसले, कारण तुझ्याकडून एखाद्या वेळी तिची खबर गळेल अशी मला आशा होती. तू माझ्यापेक्षा पक्की निघालीस. एकदाही काही गळलं नाही.

आता सगळे तुकडे मी माझे मीच जोडले आहेत. ओढणीचा वास. खिडकीकडे बघणं. खोटं नाव. खोटी संस्था. डॉक्टरांचा कळवळा खरा असेल, पण तुला माझ्या रक्तदाबासाठी कुत्रा हवा नव्हता, तुला याच्यासाठी घर हवं होतं. मी त्यावर रागावलेली नाही. तिने सांगितलं असेल, ताईकडे दे, पण माझं नाव काढू नकोस, नाहीतर दारातून परत पाठवेल. तिने मला बरोबर ओळखलं, मी पाठवलं असतं. पण जिने मुलाचं नाव याला दिलं, जी रोज याचे दात घासत होती, ती याला सोडणारी नव्हे. याच्यापासून तिला कशाने तरी तोडलंय. कशाने, किती, ते मला विचारायचं आहे आणि विचारवत नाही. म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू नुसतं हॅलो म्हणालीस तरी तुझ्या आवाजावरून मला कळलं असतं, आणि मला ते तसं, उभ्या उभ्या, कानात कळायला नको आहे.

तर उत्तर असं. बटण परत येणार नाही, तो इथेच राहील. ती दवाखान्यात असेल, कुठल्या आश्रमात असेल, बोलत नसेल, ओळखत नसेल, कशीही असेल, तर एका कागदावर फक्त पत्ता लिहून पाठव. मी आणि बटण पहिल्या गाडीने निघू, कुत्र्याला आत सोडत नाहीत म्हणाले तर त्यांच्याशी मी बघून घेईन. आणि पत्ता नसेल, तर काही लिहू नकोस, फोन करू नकोस, समजावायला येऊ नकोस. तिचा तो हिरवा कोट तेवढा पाठवून दे, मला कळेल. खिसे झटकू नकोस, आत जे काही असेल ते बटणचं आहे. आणि माझ्याकडे यायचा आहे म्हणून कुठे धुवायला टाकशील, तर तसं करू नकोस. मीही तो धुणार नाही.

तुझीच,
संशयी आई